चेहरा बिघडवला तर ओळख उरते का?

प्रश्न असा आहे की अभिव्यक्तिवादी चित्रकार, म्हणजे हुबेहूब रूपापेक्षा मनातली भावना रंगवणारे चित्रकार, चेहऱ्याचे रंग आणि आकार इतके बदलतात, मग त्याला व्यक्तिचित्र का म्हणायचं? मला जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं ‘सैनिकाच्या वेशातील आत्मचित्र’ (1915) आठवलं.

पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात भरती झाला आणि काही महिन्यांतच मानसिकदृष्ट्या कोलमडला. चित्रात गणवेश आहे, ओठांत सिगारेट आहे, चेहरा पिवळट. डोळ्यांत बाहुल्याच नाहीत, नुसता निळा रंग भरलेला. आणि एक हात मनगटापासून तुटलेला, रक्ताळलेला. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता! पण आता आपल्याला चित्र काढता येणार नाही, ही भीती त्याने शरीरावरच रंगवली. मागे नग्न मॉडेल उभी आहे आणि तो तिच्याकडे पाठ करून उभा आहे. हुबेहूब चेहऱ्यातून हे कळलं असतं का? मला नाही वाटत. इथे ओळख म्हणजे नाकडोळे नव्हेत. गणवेशाने आपल्यातला चित्रकार हिरावून घेतला, हे त्याचं दुःख म्हणजेच त्याची ओळख.

पुढची गोष्ट मला फार अस्वस्थ करते. 1937 मध्ये नाझींनी आधुनिक कलेची बदनामी करण्यासाठी म्युनिकमध्ये भरवलेल्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात हेच चित्र ‘सैनिक आणि वेश्या’ अशा नावाने टांगलं. म्हणजे आत्मचित्रातून ‘आत्म’च पुसून टाकला. जर्मन संग्रहालयांतून त्याच्या सहाशेहून अधिक कलाकृती हटवल्या गेल्या. 1938 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसजवळ त्याने आत्महत्या केली.