स्टँडअपचा कार्यक्रम पोरांसंग पाहावा का?

आर्वीकडची आई:
पोरगा बारा वर्षांचा, पोरगी नऊची. परवा जेवताना स्टँडअप लावलं. पोरगा खदाखदा हसला, अन् सासूबाईनं ताटावरून उठून टीव्हीच बंद केला. कापूस येचाच्या दिवसात तासभराचा कार्यक्रम आधी पाहाची सवड कोणाले हाय?

मास्तर, दारव्हा:
सुरू होतानाच वयाचा शिक्का दिसते, तो पाहा. सरकारच्या २०२१ च्या नियमात यू (साऱ्यायसाठी), यू/ए ७+, १३+, १६+ अन् ए (फक्त मोठ्यायसाठी) असे गट हायेत. शिवीगाळ, हिंसा असं कारणबी लिवलं राह्यते. 'ए' असन तर विषयच संपला.

पऱ्हाटीवाला:
मास्तर, तो शिक्का ओटीटीवर, म्हंजे नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर. यूट्यूबच्या तुकड्यायवर कुठचा? अन् शिवीपेक्षा मले भेव दुसरंच. बायकोवरचे, काळ्या-जाड्या माणसावरचे विनोद. शिवी एक नाही, पण पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत तेच बोलते. मी मधातले पंधरा मिनिटं पाहतो. सुरुवातीले सारेच सभ्य राह्यतात.

आर्वीकडची आई:
नेटफ्लिक्सवर पोरायचं प्रोफाईल वेगळं केलं, माह्याले पिन टाकला. पोरगा म्हणे, "आई, यष्टीत याच्याहून जास्त आयकतो मी." आता?