नवीन फोन आधी ८ तास चार्ज करायचाच असतो का? (बाबा ऐकत नाहीयेत)

घावनचटणी

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण त्यापायी आमच्या घरात तीन दिवस अबोला चालू आहे, म्हणून विचारते.

आईला नवीन फोन घेऊन गावी पाठवला (राजापूर तालुका). जुन्या फोनचा टच खालच्या बाजूला मेलाय. फोन वाजतो, पण हिरवं बटण सरकतच नाही, त्यामुळे तिला कुणाचा फोन उचलता येत नाही. नवीन फोन शुक्रवारी पोचला. पण बाबांनी तो अजून चालू करू दिलेला नाही. "आधी ८ तास सलग चार्जिंग, मगच सिमकार्ड. नाहीतर बॅटरी कायमची बसते."

आता गंमत अशी की आमच्याकडे पाऊस सुरू झालाय आणि सलग ८ तास लाईट असणं ही चैन आहे. शुक्रवारी ५ तासांनी गेली. शनिवारी दोनदा. रविवारी साडेसहा तास झाले होते, आई देवाला हात जोडून बसली होती, तेवढ्यात गेली. प्रत्येक वेळी बाबा पुन्हा पहिल्यापासून मोजतात! चार्जिंगला लावला तेव्हा पडद्यावर ५८ टक्के दिसत होते, दीड तासात १०० झाले. हे सांगितलं तर म्हणाले, "अगो, ती वरवर भरलेली दिसते. आत मुरायला नको?"

फोन बॅटरी लोणचं आहे का? जाणकारांनी कृपया सांगा. आणि बाबांना पटेल असं सांगा, कारण "इंटरनेटवर लिहिलंय" हे आमच्याकडे चालत नाही.

खिडकीतला_कावळा

ताई, करा की ८ तास, बिघडतंय काय? आम्ही सगळे फोन असेच सुरू केले, अजून एकाचीही बॅटरी फुगली नाही. मोठी माणसं सांगतात त्याला काहीतरी कारण असतं.

शून्य_टक्के

@कावळा, न करणाऱ्यांच्याही फुगल्या नाहीत. मी तर दुकानाच्या पायरीवरच सिमकार्ड घालतो.

सोल्डरवाला

१४ वर्षं मोबाइल दुरुस्ती करतोय. हा प्रश्न काउंटरवर इतक्यांदा येतो की पाटीच लावणार होतो.

थोडक्यात उत्तर: गरज नाही. खोक्यातून काढा, सिमकार्ड घाला, वापरा. पण तुमच्या बाबांना वेडं ठरवू नका, कारण त्यांचा नियम एकेकाळी शंभर टक्के बरोबर होता. त्यांचा पहिला फोन कोणता, विचारून सांगाल का?

घावनचटणी

विचारायला कशाला हवं, अजून कपाटात आहे. नोकिया ३३१०. आणि त्यानंतर टॉर्चवाला ११००.

सोल्डरवाला

मग झालंच. ३३१० आला २००० साली, आणि त्यात बहुतेक वेळा निकेलची बॅटरी असायची (निकेल मेटल हायड्राइड). ही बॅटरी दुकानात पडल्या पडल्या उतरायची. शिवाय आत तीन सेल एकापुढे एक जोडलेले, आणि तिन्ही सारखे उतरत नाहीत. एक जास्त रिकामा, एक कमी. म्हणून पहिल्यांदा बराच वेळ सावकाश चार्जिंगला ठेवायचं, म्हणजे मागे पडलेला सेल बाकीच्यांना गाठतो. पहिल्या दोन-तीन वेळा पूर्ण भरून पूर्ण उतरवल्यावरच ती खरी ताकद दाखवायची. बाबा म्हणतात ते 'मुरणं' हेच.

११०० मध्ये मात्र लिथियम-आयन होती, बीएल-५सी नावाची. आजच्या फोनमध्ये असते तीच जात. म्हणजे २००३ सालीच बाबांचा नियम रिटायर झाला होता, पण त्यांना कुणी कळवलं नाही. दुकानदारांनी तर नाहीच. ते आजही ८ तास सांगतात, कारण सांगायला पैसे पडत नाहीत.

लिथियममध्येही मुरणं असतं बरं का, पण ते कारखान्यात होतं. सेल बनवला की पहिलं चार्जिंग तिथेच अगदी हळू, मोजूनमापून करतात. त्यात आतल्या ऋण बाजूवर, म्हणजे ग्राफाइटवर, एक पातळ थर धरतो. तो नीट धरला तर बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. तेव्हा बाबांना सांगा की जे मुरायचं ते मुरूनच बरणी आली आहे.

आणि १०० टक्के झाल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. पुढचे साडेसहा तास वायर नुसती लोंबकळत असते. खोक्यात अर्धवट भरलेली का येते, तर लिथियमला पडून राहायला अर्ध्याच्या आसपासचा चार्ज सगळ्यात मानवतो. तुडुंब भरून ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, आणि गरम जागी तर आणखी लवकर. त्यावरून आठवलं, बाबांनी फोन ठेवलाय कुठे?

घावनचटणी

बापरे. हवा दमट आहे म्हणून टर्किश टॉवेलात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी घालून, फ्रिजवर. मला वाटलं काळजी घेताहेत.

सोल्डरवाला

आधी टॉवेल काढायला सांगा. ही चर्चा नंतर वाचा. चार्जिंगला फोन कोमट होणारच, ती ऊब बाहेर जायला हवी. ८ तास चार्जिंगने जेवढं नुकसान होणार नाही तेवढं त्या टॉवेलाने होईल.

पाटपाणी

अवांतर विचारते, रागावू नका. महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणून मग भरावी असं मी करते. बरोबर की चूक?

सोल्डरवाला

त्याने बॅटरी सुधारत नाही, फक्त पडद्यावरचा आकडा सुधारतो. फोन कधी २० टक्क्यांवरच बंद पडत असेल तर एकदा करून बघा. दर महिन्याला नको, पूर्ण उतरवणं हा लिथियमला जाचच आहे. ३०-४० वर आली की लावा, पाहिजे तेव्हा काढा, अर्धवट चार्जिंगचं काही पाप लागत नाही.

घावनचटणी, अजून दोन गोष्टी. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. शहरात चांगली आहे, पण आईच्या फोनवर लावू नका. जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे पावसाळ्यात १०० हवेतच. आणि पहिले दोन-तीन दिवस बॅटरी भराभर उतरेल, कारण जुने फोटो डाउनलोड होणं, अ‍ॅप अपडेट होणं मागे चालू असतं. तेव्हा बाबा "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणतील. तयारीत राहा.

शून्य_टक्के

बरणीचं वाक्य ढापतोय. माझ्या सासऱ्यांसाठी.

घावनचटणी

सोल्डरवाला, मनापासून आभार. टॉवेल निघाला. "कारखान्यात मुरून येते" यावर बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग खोक्यावर तसं लिहायला काय झालं होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री आईचा पहिला फोन आला, नव्यावरून. हिरवं बटण कसं पटकन सरकतं हे दाखवायला तिने मला उलट तीनदा फोन करायला लावला. मागून बाबांचा आवाज, "९१ वर आली गो, लावू का?"