दोन टीम्सच्या मधली जागा कोणाची? थेट बोलावं की समन्वयकामार्फत?

रानजाई (धागाकर्ती)

मी औद्योगिक मानसशास्त्र शिकवते. कुठलीही कंपनी असो, एक सल्ला हमखास कानावर येतो: टीम्समधल्या भिंती पाडा, सगळ्यांनी सगळ्यांशी मोकळेपणाने बोला, म्हणजे काम सुरळीत होईल. मला हा सल्ला अर्धवट वाटतो आणि मोठ्या कामात तर घातक वाटतो.

मथ्यू, मार्क्स आणि झकारो या तिघा अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये 'मल्टीटीम सिस्टीम' ही कल्पना मांडली. त्यांचं उदाहरण रस्त्यावरच्या अपघाताचं होतं. अग्निशमन दल माणसाला गाडीतून बाहेर काढतं, रुग्णवाहिकेतली टीम त्याला जगवत रुग्णालयात नेते, मग शस्त्रक्रियेची टीम आणि त्यानंतर शुश्रूषेची. प्रत्येक टीमचं जवळचं उद्दिष्ट वेगळं, पण शेवटचं एकच: माणूस वाचला पाहिजे. त्यामुळे एका टीमचा अभ्यास करून हे काम कळत नाही आणि अख्ख्या संस्थेचा करूनही कळत नाही. मधल्या सांध्यांचा वेगळा अभ्यास लागतो.

पुढे डेव्हिसन, हॉलनबेक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना घेऊन अशा दोनशेहून अधिक व्यवस्था एका सरावात तपासल्या (२०१२). प्रत्येक टीममधल्या ठरावीक दुवा-सदस्यांनी आणि वरच्या नेतृत्वाने समन्वय साधला, तोही त्या क्षणी सर्वांत निर्णायक असलेल्या टीमकडे लक्ष देऊन, तेव्हा कामगिरी सुधारली. सगळ्यांनी आडवं-तिडवं एकमेकांशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला तिथे ती साधारणपणे घसरली. २०१३ मध्ये लनाय आणि सहकाऱ्यांनी विकेंद्रित नियोजन, म्हणजे प्रत्येक टीमने आपापलं ठरवणं, तपासलं. त्यात पुढाकार आणि उमेद वाढली, हे खरं. पण अतिरेकी जोखीम आणि समन्वयातली चुकामूक इतकी वाढली की फायदा धुऊन गेला.

म्हणून माझं म्हणणं असं: दोन टीम्सच्या मधली जागा 'सगळ्यांची' ठेवली की ती कोणाचीच राहत नाही. तिथे नाव असलेला, अधिकार असलेला माणूस हवा.

टेस्टर_हिंजवडी

ताई, आदर ठेवून सांगतो, अजिबात पटलं नाही. नाव असलेला माणूस आमच्याकडेही होता.

आधीच्या कंपनीतली गोष्ट. रिलीजच्या तोंडावर पेमेंट टीमने परताव्याची रक्कम रुपयांऐवजी पैशांत पाठवायला सुरुवात केली. समन्वयकाच्या शीटमध्ये त्याची नोंद होती: 'रिफंड फील्ड, किरकोळ बदल'. पेमेंटची मुलं आमच्या पलीकडच्या रांगेत बसायची, पण 'परस्पर बोलू नका, सगळं शीटमधून येऊ द्या' असा दंडक होता. टेस्टिंगमध्ये एका ग्राहकाला साडेचारशेऐवजी पंचेचाळीस हजार परत जाताना दिसले, म्हणून निभावलं. थेट विचारायची मुभा असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

समन्वयकाला रुपये-पैशांतला फरक कळत नव्हता असं नाही. तो बदल कोणाला लागणार आहे, हे त्याच्या जागेवरून दिसतच नव्हतं. हे फक्त काम करणाऱ्यालाच दिसतं.

कातळशिल्प

टेस्टर यांचा किस्सा वाचून मंगळाकडे गेलेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' आठवलं. डिसेंबर १९९८ मध्ये निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी नष्ट झालं. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या (यानाची दिशा सावरणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतली मार्गनिर्देशन करणारी टीम ते न्यूटन-सेकंदांत धरून चालली. सुमारे ४.४५ पटीचा फरक. नियोजन सव्वादोनशे किलोमीटर उंचीचं होतं, यान सुमारे ५७ किलोमीटरवर उतरलं.

पण यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. मार्गाबद्दल शंका काहींना आधीच आली होती. ती ईमेलसारख्या अनौपचारिक वाटांनी फिरली. अडचण नोंदवायची ठरलेली पद्धत होती, ती वापरली गेली नाही. म्हणजे थेट बोलणं झालंच होतं. त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर पडली नाही.

टेस्टर_हिंजवडी

@कातळशिल्प, हे उदाहरण माझ्या बाजूनेही वाचता येतं. शंका आली कोणाला? काम करणाऱ्यांना. मग त्यांनाच 'आधी फॉर्म भरा' म्हणायचं? शंका खरी ठरवण्याचं ओझं शंका घेणाऱ्यावर कशाला?

रानजाई

ओझ्याचा मुद्दा मान्य. पण ते हलवायला ज्याच्याकडे न्यायचं तो माणूस तरी ठरलेला हवा ना? तुमच्या समन्वयकाला फक्त शीट सांभाळायला बसवलं होतं. संशोधनातला दुवा-सदस्य हा टीमच्या आतलाच, काम जाणणारा माणूस असतो. या दोन गोष्टी एक समजू नका.

नाइटड्यूटी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. अवयवदानाच्या रात्री अनेक टीम्स एकत्र येताना पाहिल्या आहेत, म्हणून लिहिते.

मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. दोन तपासण्या, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा डॉक्टर त्या मंडळात चालत नाही. इथे दोन टीम्स मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत आणि तशाच राहायला हव्यात. कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या नातेवाइकांचा विश्वास त्यावरच टिकतो. प्रत्येक भिंत पाडायची नसते, टेस्टरदादा.

संमती मिळाली की विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार अवयव कोणाला जाणार ते ठरवतं. अपघाताची केस असेल तर पोलिसांचं ना हरकत आणि शवविच्छेदनाची सोय बघावी लागते. ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव नेणाऱ्या गाडीसाठी रस्ता मोकळा करायचा तर वाहतूक पोलीस. हे सगळं समन्वयकाच्या फोनवरून चालतं. इथे प्रत्येकाने प्रत्येकाला फोन लावला तर पहाट होईल आणि काहीच ठरणार नाही.

पण शस्त्रक्रियागृहात चित्र पालटतं. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या टीम्स वेगवेगळ्या रुग्णालयांतून आलेल्या असतात, काही जण एकमेकांना पहिल्यांदाच भेटतात. महाधमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लागला की सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू होतं, आणि हृदयाला जेमतेम चार तास मिळतात. मूत्रपिंड त्याहून खूप जास्त थांबू शकतं. त्यामुळे हृदयाचे सर्जन प्रत्यक्ष हृदय पाहतात, 'चांगलं आहे' म्हणून आपल्या रुग्णालयात कळवतात, तिकडची तयारी पुढे सरकते आणि मग समोरच्या सर्जनशी बोलून क्लॅम्पची वेळ ठरते. तिथे मध्ये कोणी निरोप्या चालत नाही. समन्वयक बाजूला उभे राहून फक्त वेळ लिहून घेतात.

कातळशिल्प

उत्तम प्रतिसाद, ताई. रानजाईंच्या अभ्यासातला 'निर्णायक टीम' हा मुद्दा इथे डोळ्यांसमोर दिसतो. त्या रात्री ज्याचं घड्याळ सर्वांत तोकडं, त्याच्या सोयीने बाकीचे चालतात.

ओसरी

मी रानजाईंच्या पुराव्याबद्दलच शंका घेणार आहे. हवाई दलाचे अधिकारी हुकमाची साखळी अंगवळणी पडलेले. सराव ठरलेल्या वेळात संपणारा. आमच्या कारखान्यात टूलरूम, उत्पादन आणि मेंटेनन्सची माणसं वीस-वीस वर्षं एका गेटमधून आत येतात. टूलरूमच्या माणसाला प्रेसच्या आवाजावरून कळतं की डाय (प्रेसमधला साचा) घासली आहे. तो सरळ जाऊन ऑपरेटरला मशीन थांबवायला सांगतो. अशा जुन्या ओळखीतलं थेट बोलणं आणि अनोळखी टीम्समधलं थेट बोलणं एकाच तागडीत तोलणं मला चुकीचं वाटतं.

रानजाई

ओसरी, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्या निष्कर्षांना मी 'सगळीकडे लागू' म्हणणार नाही. पण तुमच्याच उदाहरणात एक गोष्ट बघा: टूलरूमच्या माणसाने थांबव म्हटल्यावर ऑपरेटर थांबवतो. म्हणजे मशीन थांबवण्याचा त्याचा शब्द तुमच्याकडे चालतो, लिहिलेला नसला तरी. तो निवृत्त झाल्यावर नव्या मुलाचा शब्द चालेल का?

ओसरी

कंत्राटी मुलाचा नाही चालत. हे खरं आहे, आणि वाईट आहे.

टेस्टर_हिंजवडी

मग माझी मागणी एवढीच: समन्वयक नेमा, हवा तर प्रत्येक टीममधला नेमा, पण पलीकडच्या रांगेत जाऊन विचारण्यावर बंदी नको. आणि विचारणाऱ्याला 'थांबा' म्हणायचा अधिकारही द्या.

रानजाई

विचारायला बंदी नको, मान्य. 'थांबा' म्हणायचा अधिकार प्रत्येकाला द्यायला मात्र माझा अजूनही विरोध आहे. पाच टीम्सच्या कामात तो कोणाकडे असावा, हे काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. नाइटड्यूटी, क्लॅम्पच्या वेळेवर दोन सर्जनचं एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा असतो?

नाइटड्यूटी

मी पाहिलं त्यात हृदयाच्या टीमचाच. आणि ते कोणी आयत्या वेळी भांडून ठरवत नाही, चीर घेण्याआधी सगळ्यांना माहीत असतं.