सुपर लीग नक्की पाडली कोणी?

ऑफसाइड:
परवा परत मित्राशी यावरून वाजलं म्हणून विचारतोय. १८ एप्रिल २०२१, रविवारी रात्री युरोपातले बारा मोठे फुटबॉल क्लब अचानक सांगतात की आम्ही आमची वेगळी लीग काढतोय, वीस टीम, त्यातल्या पंधरा कायमच्या, म्हणजे कितीही भंगार खेळा, हाकलणार कोणी नाही. त्यात आर्सेनल, जे त्या सीझनला आठवे आले! मंगळवारी संध्याकाळी चेल्सीच्या ग्राउंडबाहेर लोकांनी रस्ता अडवला, टीमची बस अडकली, शेवटी पीटर चेक, एवढा मोठा गोली, गर्दीत येऊन विनवतोय की जरा वेळ द्या, बस जाऊ द्या. मॅच उशिरा सुरू झाली आणि रात्र सरायच्या आत सहाही इंग्लिश क्लब बाहेर. कोविडमुळे स्टेडियम रिकामी असताना हे केलंय फॅन्सनी.

हाफटाइम:
बस अडवल्यानं अब्जाधीश घाबरतात होय? युएफानी, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनी, दम दिला होता की यात खेळणाऱ्यांना वर्ल्ड कप विसरा, बोरिस जॉन्सनचं सरकार कायदा आणायच्या गोष्टी करत होतं आणि बायर्न, डॉर्टमुंड आले नाहीत. जर्मन क्लबच नाहीत तर ती कसली युरोपची लीग. फॅन्सची गर्दी टीव्हीवर छान दिसली एवढंच.

ऑफसाइड:
अरे पण बायर्न, डॉर्टमुंड का नाही आले ते बघ की. जर्मनीत ५०+१ चा नियम आहे, क्लबमध्ये बहुमताची मतं मेंबरांकडे, आणि मेंबर म्हणजे कोण, स्टँडमध्ये उभे राहणारेच ना. आणि सरकारला तरी कायदा कशाला सुचला, मतं दिसली म्हणूनच ना.

रिमोटवाला:
शिव्या घालाल पण मला ती लीग आवडली असती. रियल-लिव्हरपूल सारखं सारखं बघायला मिळालं असतं. आम्ही लांबून बघणारे फॅन नाही का? तिकडच्या लोकांनी आमच्या वतीने ठरवून टाकलं.

कॉर्नर फ्लॅग:
रिमोटवाला, चार महिन्यांत कंटाळला असतास. हरल्यावर काही जातच नसेल तर मॅच कसली, शोच तो. लिव्हरपूलच्या पोरांनी तर कॉप स्टँडमधले आपले झेंडे काढून घेतले, स्वतःच्या क्लबविरुद्ध. वर्षानुवर्षं जे जपलं ते उतरवायला काय वाटलं असेल.

पण ऑफसाइडचंही पूर्ण पटत नाही. सगळे सुपर लीगवर तुटून पडले होते तेव्हा, म्हणजे १९ तारखेला, युएफानी स्वतःचा नवा फॉरमॅट गुपचूप पास करून घेतला, चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ टीम, प्रत्येकी दहा मॅच आणि दोन जागा जुन्या कामगिरीवर, म्हणजे मोठ्यांसाठी मागचं दारच. त्यावर ना बस अडली ना कोणी रस्त्यावर आलं. फॅन्सच्या संघटना मात्र वर्षभर पत्रं लिहित, मीटिंगा घेत भांडत राहिल्या आणि मे २०२२ मध्ये दहाच्या आठ मॅच झाल्या, त्या दोन जागाही गेल्या. हे बोअरिंग काम कोणाला आठवत नाही.

हाफटाइम:
म्हणजे मिळालं काय, दोन मॅच कमी? ३६ टीम आहेतच की. आणि सहा क्लबना मिळून दंड किती, साधारण २.२ कोटी पौंड, एवढ्यात एक बरा डिफेंडर येत नाही. मालक तेव्हा माफी मागून मोकळे झाले, मँचेस्टर युनायटेडचे मालक ग्लेझर तर अजून तिथेच बसलेत.

ऑफसाइड:
मान्य, ग्लेझर नाही गेले. पण २ मे २०२१ ला लोक युनायटेडच्या ग्राउंडवर, ओल्ड ट्रॅफर्डला, थेट पिचवर घुसले आणि लिव्हरपूलबरोबरची मॅच पुढे ढकलावी लागली, ते विसरू नकोस. एवढी मोठी मॅच फॅन्सनी होऊ दिली नाही.

हाफटाइम:
झाली की नंतर, १३ मे ला. ४-२ हरलात.

ऑफसाइड:
ते काढायची गरज नव्हती.