मदत हवी आहे: ऊसतोड टोळीतल्या मुलांना शिकवतेय, पट्टा पडायला (ऊसतोडीचा हंगाम संपायला) दोनच महिने उरलेत

नमस्कार. मी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर पलूस तालुक्यात. आमच्या गावाबाहेर ओढ्याकडेच्या रानात दरवर्षी बीडकडची टोळी उतरते. यंदा दिवाळीनंतर त्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहिल्या तेव्हा टोळीच्या मुकादमांना विचारलं आणि संध्याकाळी मुलांना शिकवायला जायला लागले. साडेसहा ते आठ. त्याच्या पुढे जमत नाही, कारण आयाबाप पहाटे चारला गाड्या जुंपतात आणि पोरंही त्यांच्याबरोबरच उठतात. वीज नाही. घरचा सोलर दिवा टायरगाडीच्या दांडीला अडकवते आणि खाली पाचट पसरून बसतो.

मुलं चौदा, वयं पाच ते तेरा. काहींना अक्षरओळख नाही, दोघं अडखळत वाचतात, एक मुलगा घडाघडा वाचतो आणि कंटाळून निघून जातो. मी सगळ्यांना एकत्र बाराखडी घेत होते. तीन आठवड्यांत चौदाची सात झाली, तेव्हा कळलं की माझंच काहीतरी चुकतंय.

खरा प्रश्न एका मुलीचा आहे. वय दहा. तिच्या गावच्या शाळेत पटावर नाव चौथीत आहे, पण दरवर्षी दिवाळी ते पाडवा ती इकडे असते. दिवसभर दीड वर्षाचा भाऊ तिच्या कडेवर. आई फडात मोळ्या बांधते, मग त्याला सांभाळणार कोण? संध्याकाळीही ती त्याला घेऊनच येते.

नोव्हेंबरात मी तिला तिसरीचं पुस्तक दिलं आणि सगळ्यांसमोर वाचायला सांगितलं. तिला पहिला शब्दसुद्धा लागला नाही. लहान पोरं हसली. ती चार दिवस आली नाही. ही चूक माझी. पटावरची इयत्ता बघून मी पुस्तक दिलं, मुलगी बघितलीच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी वाटेनं जात होते. गावातले एक काका तिच्याकडून जनावरांसाठी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) घेत होते. शेकडा चारशेचा दर, त्यांना बावीस पेंढ्या हव्या होत्या. काका मोबाइल काढेपर्यंत ही म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी झाले की वो काका." शंभराची नोट घेतली, बारा रुपये परत दिले. संध्याकाळी मी पाटीवर ८८ लिहून दाखवलं, तर तिला ते वाचता येईना. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ही गोष्ट जात नाही. जिला एवढा हिशेब येतो ती "ढ" कशी?

तर विचारायचं आहे ते असं. इतक्या वेगवेगळ्या पातळीची मुलं दीड तासात एकत्र कशी सांभाळायची? तिला नेमकं कुठून सुरू करू? आणि मार्चमध्ये पट्टा पडला की टोळी गावी जाणार. इथे शिकलेलं तिथल्या शाळेपर्यंत कसं पोहोचवायचं? जवळच्या एका शाळेत तिला घेऊन गेले होते, "दाखला आणा, मग बघू" असं उत्तर मिळालं. वडिलांनी पुन्हा यायला नकार दिला. त्यांचं तरी काय चुकलं? एक दिवस मोडला की त्यांचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) खाडा, म्हणजे गैरहजर, धरतात.

---

प्रतिसाद (निवृत्त प्राथमिक शिक्षक, कोरेगाव)

ताई, आधी दाखल्याचं सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डही आहे. मुख्याध्यापकांना शांतपणे भेटा. नाहीच जमलं तर केंद्रप्रमुख, आणि शेवटी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

शिकवण्याचं म्हणाल तर वय आणि इयत्ता बाजूला ठेवा. 'प्रथम' संस्थेची 'असर' चाचणी साधी आहे: मूल अक्षर वाचतं का, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन पाच मिनिटांत तपासा, कुणाच्या समोर नाही. त्यावरून तीन गट करा. घडाघडा वाचणाऱ्या मुलाला रोज गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या, तो पळणार नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घेता येतात.

त्या मुलीला गणित शिकवू नका, ते तिला येतंय. तिला फक्त खुणा द्या. दहा काड्यांची एक मोळी बांधायला सांगा. आठ मोळ्या आणि आठ सुट्या काड्या, शेजारी ८८. वाचायलाही तिचेच शब्द घ्या: ऊस, वाढं, बैल, गाडी. भावाला बाहेर ठेवायला चुकूनही सांगू नका. तो आला नाही तर तीही येणार नाही.

---

धागाकर्ती

गुरुजी, मनापासून आभार. काल तसंच केलं. मोळी बांधायला सांगितल्यावर तिनं काड्या मोजल्याही नाहीत, मुठीत घेऊन अंदाजानं दहा काढल्या, आणि मोजल्या तर दहाच निघाल्या. मग तिनं भावाच्या हातात एक सुटी काडी दिली आणि पाटीवर स्वतःच ८७ लिहिलं. ७ उलटा आला होता. मी दुरुस्त केला नाही, आज तिनंच वरच्या ओळीतला बघून सरळ केला.

आता तिच्यासाठी वाढ्याच्या हिशेबाची वही केली आहे: तारीख, पेंढ्या, रुपये. तारीख अजून मी लिहिते.

शाळेत सोमवारी लेखी अर्ज घेऊन जाते. वडील येणार नाहीत, पण आई म्हणाली, पाऊस पडून फड बंद राहिला तर येईन.

एवढंच अजून विचारते. बीड जिल्ह्यातले कुणी शिक्षक हे वाचत असतील तर सांगा: मार्चमध्ये मूल परत येतं तेव्हा त्याच्याबद्दल काय लिहून दिलेलं तुम्हाला खरोखर उपयोगी पडतं? गुण, की कोणती अक्षरं येतात त्याची यादी? की तिची ती वहीच सोबत पाठवू?