गच्चीवरचा सिनेमा, समोसे, एक कोट आणि एक सदरा

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

सेक्रेटरी (ए-१०२): सर्वांना नमस्कार. कालच्या गच्चीवरील सिनेमाला ४१ जण आले, आभार. पडद्यासाठी दिलेली पांढरी चादर अनघाकाकूंची आहे. तिला चटणीचा डाग पडलाय, ज्याने पाडला त्याने स्वतःहून धुऊन द्यावी. खुर्च्या वर-खाली नेणाऱ्या मुलांना वर्गणीतून २०० रुपये दिले आहेत.

जोशीकाका (ए-१०३): डागाचं नंतर बघू. आधी मला सांगा, काल सिनेमा संपला की पेन ड्राइव्ह बिघडला? म्हातारा बायकोला स्वप्नं सांगतो काय, आणि एकदम काळा पडदा! मी पाच मिनिटं तसाच बसून होतो.

केतकी (सी-५०१): काका, तो तसाच संपतो 😄 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन', २००७. कोएन बंधूंचा. चार ऑस्कर आहेत त्याला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंसुद्धा.

जोशीकाका: ऑस्करवाल्यांनी शेवटापर्यंत बघितला होता का?

देशमुखवहिनी (बी-२०४): माझी तक्रार वेगळी आहे. 'थरारपट' एवढंच लिहिलं होतं. सुरुवातीलाच तो खुनी हातातल्या बेड्यांनीच पोलिसाचा गळा आवळतो. आमची धाकटी मांडीवर होती. फरशीवर त्या पोलिसाच्या बुटांचे काळे ओरखडेच ओरखडे. रात्री तिने विचारलं, आई ते पुसले कोणी?

सेक्रेटरी: चूक मान्य, वहिनी. अमेरिकेतही १७ वर्षांखालच्या मुलांना तो मोठ्यांसोबतच बघता येतो. पुढच्या वेळी वय लिहू.

गोखले सीए (बी-३०१): मला एक कळलं नाही. नायकाला वाळवंटात मेलेल्या माणसांपाशी २० लाख डॉलरची बॅग सापडते. काळ १९८०. तेव्हा डॉलर साधारण ८ रुपयांचा, म्हणजे दीड कोटीच्या वर. एवढी रक्कम घरी आणली आणि बंडलं सोडून मोजली नाहीत? मोजली असती तर आतलं ते सिग्नल देणारं यंत्र पहिल्याच रात्री हाताला लागलं असतं. बिचाऱ्याला कळलं कधी, तर दुसऱ्या हॉटेलात, मरण दारात आल्यावर.

जोशीकाका: गोखले, तुम्ही त्याचं ऑडिट करायला हवं होतंत.

अनघाकाकू (सी-१०४): ते दार आठवलं की अजून धडधडतं. दिवा मालवून नायक बंदूक घेऊन पलंगावर बसलाय, दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली. मग बाहेरचा दिवाही जातो. आणि नेमका त्याच क्षणी आपल्या जिन्यातला सेन्सरचा दिवा विझला हो! माझा समोसा पडला. (चादरीवर नाही.)

केतकी: काकू, एक लक्षात आलं का? तिथे संगीतच नाही. सगळ्या सिनेमातच जवळजवळ नाही. पेट्रोल पंपावर तो खुनी नाणं उडवतो ना, त्याआधी खाऊचा चुरगळलेला कागद काउंटरवर ठेवतो. तो कागद हळूहळू उलगडतो, त्याचा बारीक चुरचुर आवाज. तेवढ्यानेच अंगावर काटा येतो. मालकाला पत्ताच नाही की डावावर त्याचा जीव लागलाय.

डॉ. शेख, पशुवैद्य (ए-४०१): खुन्याच्या हातातल्या नळकांड्याबद्दल काल बऱ्याच जणांनी विचारलं. कत्तलखान्यात जनावराला बेशुद्ध करायला तसलं यंत्र वापरतात. दट्ट्या बाहेर येतो आणि परत आत जातो, गोळी सुटतच नाही. म्हणून शेरीफला (तिथला म्हातारा पोलीसप्रमुख) प्रेतात गोळी सापडत नाही. गंमत बघा, पुढे तोच शेरीफ नायकाच्या बायकोला बैल मारण्याची गोष्ट सांगतो आणि सहज म्हणून जातो की आता हे काम हवेच्या दाबावर करतात. उत्तर त्याच्याच तोंडात होतं. लक्षात आलं की नाही, ते सिनेमा सांगत नाही.

पाटीलसाहेब (बी-१०१): येतं लक्षात, डॉक्टर. उशिरा येतं. ३२ वर्षं पोलिसात नोकरी केली मी. तो शेरीफ नायकाच्या ट्रेलरच्या घरात शिरतो, टेबलावर दुधाची बाटली, बाहेरून अजून घाम आलेली. म्हणजे खुनी नुकताच गेला. त्याच सोफ्यावर बसून हा तेच दूध पितो आणि बंद टीव्हीत स्वतःचीच सावली बघतो. एकदा आम्ही एका घरात शिरलो तेव्हा चुलीवरचं दूध उतू चाललं होतं, मागचं दार उघडं. हवालदाराने आधी गॅस बंद केला. तो आरोपी मला कधीच मिळाला नाही. जोशी, शेवट नाही म्हणता, हाच शेवट असतो.

जोशीकाका: साहेब, तुमच्यापुढे काय बोलणार. पण ज्याच्यामागे दोन तास जीव टाकला, त्या नायकाचं मरण तरी दाखवायचं! आपण शेरीफबरोबर पोचतो तर तो आधीच पडलेला.

पाटीलसाहेब: आपणही उशिराच पोचतो. आणि बॅग? झरोक्याच्या जाळीचे स्क्रू काढलेले, शेजारी जमिनीवर एक नाणं. कोणी नेली ते तेवढ्यात सांगितलंय.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

सेक्रेटरी: कृपया पाण्याच्या पंपाबद्दलचे मेसेज इथे नको, दुसऱ्या ग्रुपवर. पाणी ११ वाजता सुटेल.

जोशीकाका: बरं, पण तात्पर्य सरळ आहे. हव्यास नडला. बॅग उचलली नसती तर म्हातारा होऊन मेला असता.

केतकी: नाही हो काका! बॅग घेऊन घरी सुखरूप पोचला होता. रात्री झोप येईना, कारण वाळवंटातल्या त्या मेलेल्यांपाशी एका गाडीत एक जखमी माणूस पाणी मागत होता आणि याने दिलं नव्हतं. मध्यरात्री कॅन भरून परत गेला, तिथे सापडला. नडली ती दया.

गोखले सीए: हे पटत नाही. यंत्र बॅगेत होतंच. पाणी न देताही ते आले असते.

केतकी: सिग्नल जवळ आल्यावरच वाजतो. पण घर कोणाचं, हे त्यांना कळलं ते टेकडीवर राहिलेल्या त्याच्या गाडीवरून. गाडी तिथे का होती? पाण्यासाठी.

डॉ. शेख: दोघांचं अर्धं अर्धं बरोबर. ती दया लोभानंतर आली. बॅग घ्यायला वेळ होता, घोटभर पाणी आणायला नव्हता.

अनघाकाकू: मला तर नायकाची बायको आवडली. खुनी नाणं समोर धरतो, ती छापा की काटा सांगतच नाही. नाण्याला काही कळत नाही, ठरवतोयस तू, असं तोंडावर म्हणते. एवढी माणसं त्याच्यापुढे गारठली, हिने मात्र त्याचा देव्हारा मोडला. नंतर तो बाहेर येऊन बुटांचे तळवे बघतो, तेव्हा काय ते समजायचं.

केतकी: मूळ कादंबरीत ती सांगते आणि हरते, काकू. सिनेमात नकार देते. मलाही सिनेमाचंच जास्त पटलं.

 

ओम (सी-३०२): मी बारावीला आहे, बोलू का?

जोशीकाका: बोल रे. तू तर पहिल्या रांगेत होतास.

ओम: नायक रक्तबंबाळ होऊन पुलावर येतो तेव्हा समोरून तीन पोरं येतात. तो एकाकडे कोट मागतो, ५०० डॉलर देतो. पोरगा म्हणतो, आधी पैसे दाखव. मग बिअर मागितली तर दुसरा विचारतो, किती देणार? शेवटी खुनी अपघातात सापडतो, हाड बाहेर आलंय. सायकलवरच्या एका मुलाकडे तो सदरा मागतो. तो मुलगा म्हणतो, असाच घ्या, मदत करायला माझी हरकत नाही. तरी तो नोट देतोच. आणि तो लंगडत गेल्यावर दोघं मित्र भांडायला लागतात की त्यात माझाही वाटा. बॅगेपेक्षा मला ते दोन सीन लक्षात राहिले.

पाटीलसाहेब: शाब्बास. मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय, हे जोडलं नव्हतं.

जोशीकाका: अरे! मी तेव्हा चटणी मागायला उठलो होतो.

अनघाकाकू: म्हणजे चादरीवर तुम्ही का?

जोशीकाका: पुढचा प्रश्न विचारा.

केतकी: ओम, पाण्याचंही तसंच आहे ना? फुकट नेलेली वस्तू तेवढीच. आणि ती पोचली तेव्हा माणूस मेलेला.

ओम: हो ताई. कॅन तसाच भरलेला.

देशमुखवहिनी: चर्चा छान चाललीय, मध्ये बोलते, माफ करा. सेक्रेटरी साहेब, खुर्च्यांचे २०० रुपये कोणाच्या हातात दिले? आमचा म्हणतो त्याला ५० मिळाले, बाकीचे मोठ्या मुलाने ठेवले. सकाळपासून दोघं जिन्यात बोलत नाहीयेत.

सेक्रेटरी: दोघं समोर उभे होते, वहिनी. एकच नोट होती.