वाचनालयाची अभ्यासिका झाली, तर वाचणाऱ्यानं जायचं कुठं?

महालकर:
आमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाचा वरचा मजला आता पूर्णवेळ अभ्यासिका झाला आहे. कथा-कादंबऱ्यांची कपाटं जिन्याखाली गेली आणि बालविभाग बंद पडला. कार्यकारिणी म्हणते, सभासद उरले नाहीत, अभ्यासिकेची फी मात्र महिन्याच्या महिन्याला येते.

नागपुरात नंदनवन, मानेवाडा, सक्करदरा, कुठंही फिरा. दारावर 'लायब्ररी' अशी पाटी असते. आत पार्टिशनची टेबलं, वायफाय, चार्जिंगचे बोर्ड आणि एकही पुस्तक नाही. खासगी माणसानं तो व्यवसाय जरूर करावा. पण सार्वजनिक ग्रंथालयाला राज्याच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळतं, ते लोकांना वाचायला मिळावं म्हणून. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे, 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत'. जिन्याखाली कुलपात ठेवलेल्या पुस्तकाचा कुणाला काय उपयोग?

आणि लोक वाचत नाहीत, हे मला नागपुरात तरी सांगू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. मजुरी करणारी माणसं गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढून पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात.

जागा_क्र_१४:
काका, मी गोंदिया जिल्ह्यातला. राज्यसेवेचा अभ्यास करून राहिलो. एका खोलीत आम्ही चौघं राहतो आणि मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. वाचनालयातलं एक टेबल, कूलरची हवा, शांतता, एवढ्यावर आमचं वर्ष निघतं. खासगी अभ्यासिकेची फी भरली की मेसचे पैसे कमी पडतात.

तुम्ही पहिलं सूत्र सांगितलं. पाचवं सूत्र आहे, 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे'. गरज बदलली तर तिनं बदलायचं नाही का? माझ्या आईवडिलांपैकी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही. माझ्यासाठी त्या टेबलावर बसणं हेच शिक्षण आहे. कादंबरी वाचणारा वाचक आणि आम्ही नुसते टेबल अडवणारे, असा भेद करू नका.

देवघेव_विभाग:
ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, म्हणून हिशोब मांडते. राज्यात हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाला वर्षाला 30,000 रुपये अनुदान होतं, 60 टक्के वाढीनंतर ते 48,000 झालं. म्हणजे महिन्याला 4,000. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं. वरच्या वर्गांना जास्त मिळतं, पण तिथं कर्मचारी आणि खर्चही जास्त. कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात ती सोयच नाही. मग कार्यकारिणी फी देणाऱ्याकडे वळली, तर नवल काय?

पण बालविभाग बंद करणं मला अजिबात पटलेलं नाही. शाळा सुटल्यावर पोरं यायची. पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर आपल्या आधी ते कधी कधी नेलं गेलं ते बघायची आणि ज्या चिठ्ठीवर शिक्के जास्त, तेच पुस्तक मागायची. कोणतं वाचू, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

इंदोरा_ताई:
तुमच्या दोघांच्या वादात एक वाचक सुटून राहिला. मी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक आहे. 15 वर्षांवरच्या निरक्षरांना आम्ही शिकवतो, मग वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50, अशी 150 गुणांची चाचणी होते. माझ्या गटातली एक बाई धुण्याभांड्याची कामं करते. चाचणी पास झाली, बसची पाटी वाचते, गॅसच्या पावतीवरचा आकडा तपासते.

आता पुढे काय? घरात पुस्तक नाही. वाचायला काही मिळालं नाही तर सहा महिन्यांत अक्षरं पुसट होतात, हे मी बघितलं आहे. तिला मोठ्या टायपातली, सोप्या वाक्यांची, तरी बालिश नसलेली पुस्तकं हवीत. वाचनालयात नेलं तर अनामत किती, हा पहिला प्रश्न. दुसरा, सभासद अर्ज. तो भरताना तिचा हात थांबला आणि काउंटरवरून 'घरच्या कुणाला पाठवा' असं ऐकावं लागलं. ती परत गेली नाही. अभ्यासिका असो की कादंबऱ्या, या बाईसाठी जागा कुठं आहे?

महालकर:
ताई, यासाठीच कपाटं वर, डोळ्यांसमोर हवीत. जिन्याखालून पुस्तक काढून द्या, असं ती कुणाला म्हणणार?

जागा_क्र_१४, तुमचं टेबल कुणी काढून घेऊ नये, हे मी मनापासून म्हणतो. पण परीक्षा झाली की तुमचं वाचनालयाशी नातं संपतं. वाचक आयुष्यभर येतो. सगळा मजला देण्याऐवजी निम्मा द्या.

जागा_क्र_१४:
निम्मा मजला म्हणजे निम्मी मुलं बाहेर, काका. संध्याकाळी चार ते सहा बालविभाग परत सुरू करा. तेवढा वेळ आम्ही आलटून-पालटून बसू, पोरांना पुस्तकं काढून देऊ, ताईंच्या गटातल्या बायांचे अर्ज भरून देऊ. पण मजला तोडायला माझा विरोधच आहे. तोडायचंच असेल तर आधी सकाळी सहा ते रात्री अकरा वाचनालय उघडं ठेवा, मग दोन पाळ्यांत बसता येईल. सध्या कार्यकारिणी आठला कुलूप लावते.

देवघेव_विभाग:
आठनंतर थांबणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? तेवढं ठरवून वार्षिक सभेत ठराव मांडा. सभासद असाल तर मतही देता येईल. अभ्यासिकेची फी भरणारे बहुतेक जण सभासद नसतात, हे आधी तपासून घ्या.